आईनं वाचलेलं अर्धं पान

काजलचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं. फळ्यावर जे असेल ते ती वहीत जसंच्या तसं उतरवायची. वेलांटी, उकार, मात्रा, सगळं जागच्या जागी. माधवी मॅडम कधी कधी तिची वही उचलून वर्गाला दाखवत. "बघा, असं लिहायचं." तेव्हा काजल मान खाली घालून बसायची. सगळ्यांना वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. खरं म्हणजे, त्या वहीत आपण काय लिहिलंय हे तिला वाचता येत नव्हतं.

ती पाचवीत होती.

तिची पहिली सुरू झाली त्या वर्षी करोनामुळं शाळा बंद होत्या. अभ्यास मोबाईलवर यायचा आणि काजलच्या घरी बटणांचा फोन होता. दुसरीही अशीच अर्धीमुर्धी गेली. शाळा नीट उघडली तेव्हा ती तिसरीत बसली होती आणि गुरुजी म्हणाले होते, "बाराखडी तर तुम्हाला येतेच, चला पुढं." काजलला येत नव्हती. पण बाकीची पोरं मान हलवत होती, म्हणून तिनंही हलवली. पुढं ते सांगायचं राहूनच गेलं. एखादा धडा वर्गात दोनदा वाचला गेला की तो तिला पाठ व्हायचा. तिला उठवलं की ती पुस्तकावर बोट फिरवत तो म्हणून दाखवायची. बोट भलत्याच ओळीवर असलं, तरी एवढ्या पोरांत कोण पाहतंय?

घरी अभ्यास असा काही नव्हताच. सिंदीला रेल्वे लाइनीच्या पलीकडं त्यांची एक खोली होती, वर टिनाचं छत. तिचे बाबा, नागसेन, बुटीबोरीला एका कंपनीत माल चढवायच्या कामाला होते, कायमची रात्रपाळी. सकाळच्या गाडीनं ते परत यायचे, भाकरी खाऊन आडवे व्हायचे आणि दिवसभर झोपायचे. खोली एकच, म्हणून दिवसा घरात सगळ्यांनी हळू बोलायचं. "बाबा झोपले हाय," हे वाक्य धाकटा धम्मदीप बोलायला लागला तेव्हाच शिकला होता. आई, सरिता, सकाळीच बायांच्या टोळीबरोबर निंदायला निघून जायची. नळाचं पाणी भरायचं, धम्मूला अंगणवाडीत पोचवायचं, शाळा सुटली की त्याला आणायचं, संध्याकाळी भात टाकायचा, हे सगळं काजलकडं. भात शिजेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागलेले असायचे.

वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचे दिवस होते. वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदना व्हायची आणि त्यानंतर ग्रंथवाचन. रोज एकेका घरानं पाळीपाळीनं वाचायचं, असा नेम होता. सरिताच्या घराचा दिवस आला की दर वेळी शेजारच्या अश्वजितची आई तिच्या वतीनं वाचायची आणि सरिता खीर करून न्यायची. का, ते कोणी विचारत नसे.

यंदा मात्र विहाराचं काम पाहणारे म्हातारे बाबाराव घरांची नावं लावत होते, तेव्हा सरिता म्हणाली, "आमच्या घरचं काजल वाचते. पाचवीत गेली ना जी आता."

"वा! मंग तर चांगलंच," बाबाराव म्हणाले.

घरी येऊन सरितानं हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. निंदणाच्या दिवसांत ती घरी येऊन हसली, असं सहसा होत नसे. काजल भात पाहायला चुलीकडं वळली.

तिला एकच उपाय येत होता. ती अश्वजितकडं गेली. अश्वजित नववीत होता आणि विहारात सगळ्यांच्या आधी जाऊन चटया टाकायचा.

"दादा, आमच्या घरच्या वाचनाले कोणतं पान येईन?"

त्यानं बोटं मोजून हिशोब केला, ग्रंथ काढला आणि पान दाखवलं.

"मले वाचून दाखव ना. अवघड शब्द असन तर समजून घेते."

त्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाचायला लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. "किती तयारी करतं वं," तो म्हणाला. ती पाणी भरताना, भांडी घासताना ओठांतल्या ओठांत ते पान म्हणत राहिली. शेवटी शेवटी तर ते तिला झोपेतही ऐकू यायला लागलं.

वाचनाच्या दिवशी आई कामावरून लवकर आली. तिनं काजलच्या केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या, स्वतः पांढरी साडी नेसली, खिरीचं पातेलं उचललं. विहारात बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला बसली होती. वंदना झाली. बाबारावांनी काजलला पुढं बोलावलं, चौरंगावर ग्रंथ उघडून दिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काजलनं पानावर बोट ठेवलं आणि सुरू केलं. आवाज चांगला निघाला. मागं आई बसली होती, तिच्याकडं तिनं पाहिलं नाही, पण आई ताठ बसलीय हे तिला कळत होतं. दोन-तीन वाक्यं झाली असतील.

"बेटा, थांबजो जरा," बाबाराव हळूच म्हणाले. "हे पुढच्या पानावरचं होय. परवा लाइन गेलती ना, तवा वाचन मधातच राह्यलं होतं. म्हणून आज इथून हाय. हे पाह्य."

त्यांनी उघडलेल्या पानावर बोट ठेवलं.

काजलनं पाहिलं. पान अक्षरांनी गच्च भरलेलं होतं. त्यातला एक क तिला ओळखू आला, एक ज दिसला. बाकी सगळं काळं, मुंग्यांसारखं. तिचं बोट जिथं होतं तिथंच राहिलं. पंखा फिरत होता. कोणीतरी खोकललं.

"लाजली पोरगी," मागून एक बाई म्हणाली.

"वाच ना, काजल," आई म्हणाली. "भेऊ नको. वाच."

मग बाबारावांच्या लक्षात आलं असावं. तिनं आताच न पाहता म्हटलेलं पान आठवून, तिच्या बोटाकडं पाहून. त्यांनी चष्मा नीट केला, ग्रंथ आपल्याकडं ओढून घेतला आणि स्वतः वाचायला लागले. काजल उठून आईजवळ गेली. आईनं तिला जागा करून दिली, पण तिच्याकडं पाहिलं नाही. नंतर सगळ्यांना खीर वाढताना आईचा हात सावकाश चालत होता, जसा खूप दमल्यावर चालतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी पोळी शेकता शेकता आईनं विचारलं, "तुले वाचता येत नाई?"

काजलनं मान हलवली.

"कधीपासून?"

"कधीच नाई."

आई तव्याकडं पाहत राहिली. पोळी करपली, तशीच तिनं उलटली. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तू घरी असतं का?"

हे काजल भांडायला म्हणून बोलली नव्हती. ते खरंच होतं. बाहेर टोळीची मुकादम बाई हाका मारत होती. आईनं साडीवर जुना शर्ट चढवला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि ती निघून गेली. पण दुपारी, मधल्या सुट्टीत, ती त्याच कपड्यांत शाळेच्या दारात उभी होती. अर्ध्या दिवसाचं काम सोडून आली होती.

माधवी मॅडम डबा खात होत्या. एका हातात घास आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर कसली तरी माहिती भरणं चाललं होतं. त्यांच्याकडं पाचवी होती, आणि दुसरीचे गुरुजी बदलून गेल्यापासून दुसरीही त्यांच्याच गळ्यात होती. सरितानं काय झालं ते सांगितलं. मॅडमचा विश्वास बसेना. "अहो, तिचं अक्षर बघा. वही बघा तिची." मग त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, वर्गात कधीच न वाचलेलं, आणि काजलपुढं धरलं. "वाच बरं."

काजलनं पुस्तक मिटून मॅडमच्या हातात परत दिलं.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. उरलेली पोळी आतच राहिली. "माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "यायलाच पाहिजे होतं."

"जाऊ द्या मॅडम. आता काय कराचं ते सांगा."

"मधल्या सुट्टीनंतर हिला दुसरीच्या पोरांत बसावं लागेल. मी त्यांना अक्षरं, जोडाक्षरं सगळं पहिल्यापासून घेतेय. वेगळं शिकवायला मला वेळ नाही हो, खोटं कशाला सांगू?"

"बसन ते," आई म्हणाली. काजलला कोणी विचारलं नाही.

दुसरीची पोरं जमिनीवर अंथरलेल्या ताटपट्टीवर बसायची. काजल त्यांच्यात बसली की तिचे गुडघे सगळ्यांच्या वर यायचे. पहिल्याच दिवशी समोरचे दात पडलेली एक पोरगी तिच्याकडं वळून म्हणाली, "ताई, तू नापास झाली का वं?" पाचवीची पोरं पाणी प्यायला जाताना दारातून डोकावून जायची. एकानं तर मोठ्यानं "क कमळाचा" म्हटलं आणि सगळे हसत पळाले. मॅडम तेव्हा फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या.

काजलनं काही दिवस काढले. मग एका दुपारी ती सुट्टीनंतर वर्गात गेलीच नाही. अंगणवाडीतून धम्मूला घेतलं आणि बंद असलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागं निंबाखाली जाऊन बसली. कापसाचा हंगाम यायला वेळ होता, तिकडं कोणी फिरकत नसे. धम्मू निंबोळ्यांच्या बिया वेचत राहिला. ती भिंतीला टेकून झोपून गेली. उठली तेव्हा तिला बरं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशीही ती तिथंच गेली. आणि तिसऱ्याही.

मॅडमनी सरिताला फोन केला. तो शेतात, निंदता निंदता तिनं घेतला. संध्याकाळी ती घरी आली, पण ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली, शर्ट काढून बाजूला ठेवला, पायाचा चिखल नखानं खरवडत राहिली. बाबा नुकतेच कामावर निघून गेले होते.

"मॅडमचा फोन आलता."

काजल भात ढवळत होती.

"कुठी जातं तू?"

"निंबाखाली."

"काऊन?"

"हासते ते."

"कोण?"

"सगळे पोट्टे. माह्या वर्गातले बी, अन् दुसरीतले बी."

आईनं नखातला चिखल शर्टाला पुसला. मग म्हणाली, "मी चौथीपर्यंत शिकली. मंग माह्या मायले काम लागलं, अन् भाऊ सांभाळाले घरी कोणी नव्हतं. मास्तर घरी आलते बोलवाले. माय म्हणे, पोराइले कोण पाहीन? तवापासून मी पुस्तक हातात नाई घेतलं."

"म्हणजे तुले बी वाचता नाई येत?"

"येते. पण लय हळू येते. एकेक अक्षर जोडत जा लागते."

काजलनं पळी खाली ठेवली. "मंग विहारात तू काऊन नाई वाचत? काकू काऊन वाचते तुह्याऐवजी?"

धम्मू भात मागायला लागला होता. सरितानं उठून त्याला ताट वाढलं, काजलला वाढलं आणि स्वतः न जेवता भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती बाबारावांच्या घरी थांबली. "आमच्या घरचं वाचन राह्यलं हाय," ती म्हणाली. "मी वाचते."

बाबारावांनी तिच्याकडं पाहिलं. "उद्या येजो," ते म्हणाले.

काजलला हे विहारातच कळलं. वंदना झाल्यावर बाबारावांनी आईचं नाव घेतलं आणि आई उठली. अश्वजितच्या आईनं सवयीनं पदर सावरला होता, ती अर्धवट उठून पुन्हा खाली बसली. सरिता चौरंगापाशी गेली. दिवसभर गवत उपटून तिच्या बोटांना हिरवे डाग पडलेले होते, धुऊनही ते गेले नव्हते. त्यातलं एक बोट तिनं पानावर ठेवलं.

पहिला शब्द आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग दुसरा. आई वाचत होती ते वाचल्यासारखं वाटतच नव्हतं. अंधारात पाय चाचपत उतरावं तसं चाललं होतं. एक अक्षर, त्याला दुसरं, मग दोन्ही पुन्हा एकत्र. कधी शब्द चुकायचा, ती मागं जायची, पुन्हा सुरू करायची. मागं बसलेली पोरं खुसखुसायला लागली. दोन बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एका जोडाक्षराशी आई अडली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाबाराव पुढं वाकून तो शब्द सांगायला लागले.

"थांबा जी," आई म्हणाली. कपाळावर घाम आला होता. "मलेच वाचू द्या."

बाबाराव मागं सरले. आईनं शब्द तोडला, पुन्हा जोडला आणि शेवटी उच्चारला. बरोबर होता. कोणी टाळी वाजवली नाही. पोरांपैकी एक झोपून गेलं. दोन म्हातारे पाय मोकळे करायला बाहेर जाऊन आले. एरवी दोन पानं वाचून व्हायची, तेवढ्या वेळात आईचं अर्धं पान झालं. तिनं बोट उचललं आणि म्हणाली, "आज माह्यानं एवढंच झालं."

"लय झालं, सरिता," बाबाराव म्हणाले आणि ग्रंथात खूण ठेवली.

परत येऊन आई काजलजवळ बसली आणि तिनं पदरानं कपाळाचा घाम पुसला. काजलनं ते पाहिलं. लोक हसतील हे आईला माहीत होतं. हसलेही. तरी ती पानाच्या मधोमध येऊन पोचली होती. काजलला रडू आलं, पण ते दुःखाचं की कशाचं, ते तिला कळलं नाही. ती फक्त आईच्या खांद्याला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ती दुसरीच्या ताटपट्टीवर जाऊन बसली. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं आणि पुस्तक हातात दिलं. दात पडलेली पोरगी म्हणाली, "आली का ताई?" काजल म्हणाली, "हो, आली. सरक थोडी."

हसणारे लगेच काही थांबले नाहीत. पण रोज तेच पाहून त्यांनाही कंटाळा आला आणि ते दुसऱ्या कोणाच्या मागं लागले. अक्षरं मात्र काही सोपी झाली नाहीत. घ आणि ध तिला एकसारखेच दिसत. आज आलेलं उद्या विसरायचं. कितीदा तरी ती शब्दाचं पहिलं अक्षर पाहून बाकीचा अंदाजानं ठोकून द्यायची, मग ती दात पडलेली पोरगी म्हणायची, "नाई ताई, नीट पाह्य." काजलला तिचा राग यायचा. पण ती नीट पाहायची. काही दिवस तर तिला वाटायचं, आपल्याला हे कधीच येणार नाही, आणि तेव्हा ती पुस्तक मिटून नुसती बसून राहायची. मॅडमही दमलेल्या असत. त्या म्हणत, "बस थोडी. मग पुन्हा उघड."

सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस आले. आई आता अंधार पडल्यावरच घरी यायची, हातांवर शेंगांचे ओरखडे घेऊन. विहारात तिनं पुन्हा वाचलं नाही, तेवढं त्राणच उरत नव्हतं. मात्र आता अश्वजितच्या आईनं परस्पर तिच्याऐवजी वाचायचं बंद केलं. "सरिता, तुह्या घरचा दिवस हाय. तू वाचतं, का मी वाचू?" असं ती आधी विचारायची.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी मॅडमनी दुसरीतल्या प्रत्येकाला उठवून एकेक नवा धडा वाचायला लावला. पाण्यासाठी भटकणाऱ्या एका बकरीची छोटीशी गोष्ट काजलच्या वाट्याला आली. ती उभी राहिली. ही गोष्ट तिनं कोणाच्या तोंडून ऐकलेली नव्हती. तिनं पहिला शब्द जोडला, मग दुसरा. मध्ये दोनदा अडली. एकदा 'विहीर' ऐवजी 'वीर' म्हणाली आणि पुन्हा वाचून दुरुस्त केलं. वाचता वाचता तिला पुढं काय होतं याची उत्सुकता लागली, बकरी विहिरीपाशी पोचते की नाही याची. असं तिला आधी कधी झालं नव्हतं. शेवटच्या ओळीत बकरी पोचली.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "सुट्ट्या संपल्या की तुला तिसरीचं पुस्तक देते. पाचवीचं अजून लांब आहे, काजल."

"हो मॅडम."

त्या संध्याकाळी आई आली तेव्हा काजल तिला सांगायला उठली. पण आई भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

"आई, आज मी आख्खी गोष्ट वाचली."

"कोणती?" आईनं डोळे न उघडताच विचारलं.

"बकरीची. ते पाणी पाहाले जाते."

"भेटलं का मंग तिले पाणी?"

"हो, भेटलं."

"बरं झालं," आई म्हणाली. तिनं हात पुढं केला, काजलचा हात शोधून धरला आणि तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं काजलच्या लक्षात आलं की आई झोपली आहे. मग ती तिच्याजवळच बसून राहिली. भात चुलीवर होता आणि धम्मू ताट घेऊन दारात उभा होता, पण आईचा हात सोडून उठावं असं काजलला अजून वाटत नव्हतं.